एमडी एरोस्पेस मेडिसिन: गणवेश न घालता हा विषय शिकता येईल का?

जुई_पाटण

नमस्कार. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस पूर्ण केले असून सध्या सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडची सेवा करत आहे. पुढच्या नीट पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची, तयारी सुरू आहे. विषय कोणता घ्यावा हे अंतिम वर्षापर्यंत ठरले नव्हते, पण दोन महिन्यांपूर्वीच्या एका प्रसंगामुळे विचारांना वेगळी दिशा मिळाली.

एक साठीचे गृहस्थ रक्तदाब तपासून घ्यायला आले होते. मुलाकडे दुबईला जाण्याचे तिकीट चार दिवसांवर आले होते आणि प्रवासाला तब्येत ठीक असल्याचा दाखला त्यांना हवा होता. रक्तदाब उत्तम होता, छाती स्वच्छ होती. मी दाखला लिहायला घेतलाच होता. तेवढ्यात शर्टाची बाही वर सरकली आणि मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा दिसला. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती, डोळ्यात गॅस भरलेला होता, आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत विमानप्रवास करू नये असे त्या पट्ट्यावर स्पष्ट लिहिले होते. रुग्णालयातला पट्टा काढायचा राहून गेला आहे, एवढीच त्यांची समजूत होती. मी तो वाचला नसता, तर माझ्या सहीच्या दाखल्यावर ते विमानात बसले असते.

त्या रात्री मी वाचत बसले. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि बंदिस्त वायू प्रसरण पावतो, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रात शिकले होते. पण त्यामुळे एखाद्या माणसाची दृष्टी कायमची जाऊ शकते हे साडेपाच वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते. तिथून विमानवैद्यकाची (एरोस्पेस मेडिसिन) ओळख झाली, आणि हा विषय एमडी म्हणून बंगळुरूला शिकवला जातो हे कळले.

माझ्या घरात सैन्यदलाची परंपरा नाही. वडील शिक्षक आहेत आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे: एमडी करून पेशंट तपासायचे नसतील, तर मग डॉक्टर कशासाठी झालीस? मला त्यांना उत्तर द्यायचे आहे, पण आधी ते स्वतःला सापडायला हवे. नागरी डॉक्टरला हा अभ्यासक्रम खरोखर मिळतो का, तीन वर्षांत नेमके काय शिकवतात, आणि नंतर काम कुठे असते, याविषयी ज्यांनी ही वाट चालली आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

उंचमाथा

जुई, तुम्ही तो पट्टा वाचलात आणि दाखला थांबवलात, तेव्हाच या विषयाचे पहिले काम तुमच्या हातून झाले. मी वायुसेनेतून निवृत्त झालेला वैद्यकीय अधिकारी आहे आणि हीच एमडी मी केली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन ही वायुसेनेची संस्था १९५७ साली स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन म्हणून सुरू झाली. तिथली एमडी तीन वर्षांची असून पदवी कर्नाटकातील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. अंतराळवीर राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा यांच्या निवडीच्या वेळच्या तपासण्या याच संस्थेत झाल्या, आणि गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी वैमानिकांची निवडही इथूनच झाली. तुम्हाला अंतराळाची ओढ असेल तर हे आकर्षण मोठे आहे. मात्र रोजचे काम अंतराळवीरांचे नसते, ते वैमानिकांचे असते.

तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की आपण एमबीबीएसला आजारी शरीर सामान्य वातावरणात पाहतो, आणि हा विषय निरोगी शरीर असामान्य वातावरणात कसे वागते ते पाहतो. पेशंट असतोच. फरक एवढाच की तो धडधाकट असतो, स्वतःला काहीही झालेले नाही अशी त्याची खात्री असते, आणि ती खात्रीच पुष्कळदा धोक्याची असते.

कमी दाबाच्या चेंबरमधला एक अनुभव सांगतो. चेंबर म्हणजे पोलादी खोली. आत दोन्ही बाजूंना बाके, प्रत्येकासमोर ऑक्सिजनचा मास्क, आणि बाहेर जाड काचेपलीकडे नियंत्रण करणारा माणूस. पंप हवा ओढून घेतो आणि बसल्या जागी आपण २५,००० फुटांवर पोहोचतो. आमच्या तुकडीतल्या एका मित्राने मास्क काढला आणि त्याच्या हातात कागद-पेन्सिल दिली: शंभरातून सात वजा करत जा. ९३, ८६, ७९ हे आकडे सुबक होते. दुसऱ्या मिनिटाला अक्षर मोठे झाले आणि ओळ खाली उतरू लागली. तिसऱ्या मिनिटाला त्याने ५८ हा आकडा चार वेळा लिहिला, नखे जांभळी पडली होती, आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू होते. मास्क लावण्याची सूचना त्याला ऐकू येत होती, तो मानही डोलवत होता, पण हात हलत नव्हता. शेवटी शेजारच्या प्रशिक्षकाने मास्क त्याच्या तोंडावर दाबला. खाली आल्यावर त्याने ठामपणे सांगितले की आपण सगळी वजाबाकी बरोबर केली. कागद पुढे ठेवल्यावर तो बराच वेळ बोलला नाही.

२५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय माणूस तीन ते पाच मिनिटे उपयोगी काम करू शकतो. ३५,००० फुटांवर हा अवधी अर्धा ते एक मिनिट उरतो. हे आकडे पाठ करणे सोपे आहे. पण ऑक्सिजन कमी पडत असताना माणसाला गुदमरल्यासारखे न वाटता उलट बरे वाटते, ही गोष्ट त्या कागदाशिवाय मला पटली नसती. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात केबिनचा दाब नियंत्रित करणारे बटण स्वयंचलित स्थितीत नव्हते. धोक्याचा भोंगा वाजला तो वैमानिकांना वेगळ्याच कारणाचा वाटला, आणि त्याचा उलगडा करता करताच त्यांची शुद्ध गेली. विमान स्वतःच उडत राहिले आणि इंधन संपल्यावर कोसळले. १२१ माणसे गेली. अशा अपघातात यंत्र किती चुकले आणि शरीर किती, हे वेगळे काढून दाखवणे हा आमच्या अभ्यासक्रमाचा एक पूर्ण भाग आहे.

दुसरा मोठा भाग दिशाभ्रमाचा. मुंबईकर वाचकांपैकी ज्येष्ठांना १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जम्बो सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि वांद्र्याच्या समुद्रात कोसळले; २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. विमानाचा कल दाखवणारे कप्तानासमोरचे यंत्र बिघडले होते आणि विमान उजवीकडे कलल्याचे ते खोटेच दाखवत होते. समोर रात्रीचा काळा समुद्र, क्षितिज नाही, दिवे नाहीत. कप्तानाने विमान सावरण्यासाठी डावीकडे झुकवले आणि ते झुकतच गेले. अशा वेळी आतल्या कानाने खरे सांगायला हवे होते असे कोणालाही वाटेल. पण कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांना सावकाश होणारे कलणे जाणवतच नाही, आणि वळणात शरीरावर पडणारा भार पायांकडेच जाणवत असल्यामुळे आपण सरळ बसलो आहोत असेच वाटते. हे शिकवण्यासाठी संस्थेत फिरती खुर्ची आहे, दिशाभ्रमाचा सिम्युलेटर आहे. डोळे बांधून खुर्चीत फिरवलेल्या आणि मग थांबवलेल्या माणसाला विचारा, तो शपथेवर सांगेल की आपण आता उलट दिशेने फिरत आहोत.

याशिवाय सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे माणसाला वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, गुरुत्वभाराचा अभ्यास, इजेक्शन सीटमुळे (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन) मणक्याला होणाऱ्या इजा, उष्णता, कंपने, आवाज, झोप व थकवा, वैमानिकांचे मानसशास्त्र, रुग्णांची हवाई वाहतूक, आणि वैमानिकांच्या आजारांबाबतचे निर्णय असे विषय असतात. थिसिस बहुधा प्रयोगावर आधारित असते, आणि प्रयोगाला बसणारी माणसे ओळखीतलीच असतात.

आता प्रवेशाविषयी. निवड नीट पीजीच्या गुणांवर होते, परंतु सैन्यदलांच्या वैद्यकीय संस्थांचा प्राधान्यक्रम वेगळा असतो. सेवेतील अधिकाऱ्यांचा हक्क पहिला, आणि उरलेल्या जागा नंतरच्या गटांना जातात, ज्यांत नागरी डॉक्टरही येतात. नागरी डॉक्टरने अशी जागा घेतली तर पदवीनंतर काही वर्षे अल्पमुदतीच्या कमिशनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी सैन्यदलात अधिकारी म्हणून, सेवा देण्याची अट येऊ शकते, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पसंतीक्रम भरू नका. थोडक्यात, गणवेश पूर्णपणे टाळून भारतात ही एमडी करण्याची अपेक्षा ठेवू नये. उलट वाटही आहे: आधी अल्पमुदतीचे कमिशन घेऊन एखाद्या हवाई तळावर राहावे, विषय जवळून पाहावा आणि मग ठरवावे. ही वाट लांबची आहे, पण मी स्वतः तिचीच शिफारस करीन.

कारण या विषयाचे मर्म ग्रंथालयात नाही, ते स्क्वाड्रनच्या क्रू रूममध्ये आहे. सकाळी सहाला ब्रीफिंगच्या वेळी चहा घेताना एखादा वैमानिक नेहमीपेक्षा गप्प आहे, हे ज्या डॉक्टरच्या लक्षात येते तो चांगला डॉक्टर. त्याला आज उडू देऊ नये, हे कमांडिंग ऑफिसरला सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे असतो, आणि तो वापरल्यावरही संध्याकाळी त्याच मेसमध्ये त्याच टेबलावर जेवायचे असते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याने इकडे येऊ नये, आणि ज्याला 'नाही' म्हणताना काहीच वाटत नाही त्यानेही येऊ नये.

---

तपासणीस

वरील प्रतिसाद फार मोलाचा आहे. मी नागरी बाजूचे लिहितो. मी पुण्यात जनरल मेडिसिनची प्रॅक्टिस करतो आणि डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, यादीवरील वैद्यकीय परीक्षक आहे. माझ्याकडे एरोस्पेस मेडिसिनची एमडी नाही. अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेऊन मी हे काम करतो. म्हणजे जुई यांच्या शीर्षकातील प्रश्नाचे एक उत्तर असे आहे, की पूर्ण पदवी न घेताही या क्षेत्राच्या उंबरठ्याच्या आत येता येते.

माझ्याकडे बारामती किंवा गोंदियाला विमान चालवायला शिकायला जाणारी मुले क्लास टू, म्हणजे शिकाऊ वैमानिकांच्या वैद्यकीय, तपासणीसाठी येतात. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे क्लास वन लागते, आणि तिची पहिली तपासणी वायुसेनेच्या केंद्रांत किंवा मान्यताप्राप्त नागरी केंद्रांत होते. मी प्रत्येक पालकाला कळकळीने सांगतो की प्रशिक्षणाची फी भरण्यापूर्वी क्लास वन करून घ्या. गेल्या वर्षी कोल्हापूरकडचा एक मुलगा आला होता. शेतीच्या एका तुकड्यावर कर्ज काढून पहिला हप्ता भरून झाला होता. रंगांच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले पहिले पान त्याने बरोबर वाचले, कारण ते पान सगळ्यांनाच वाचता येते. पुढच्या पानांवर तो बोट ठेवून शोधत राहिला. लाल आणि हिरव्यातला फरक आपल्याला दिसत नाही, हे त्याला अठराव्या वर्षी माझ्यासमोर कळले, आणि वडील शेजारच्या खुर्चीत बसले होते. पुढच्या चाचण्यांचा मार्ग मी समजावला, पण त्या दोघांचे चेहरे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

दुसरा मुद्दा, हे निर्णय मनाला येईल तसे घेतले जात नाहीत. त्यामागे स्वच्छ गणित आहे. हृदयरोगाच्या संदर्भात 'एक टक्का नियम' प्रसिद्ध आहे. एखाद्या वैमानिकाला वर्षभरात अचानक असमर्थ करणारा झटका येण्याची शक्यता एक टक्का धरा. वर्षाचे तास सुमारे ८,७६०, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार. तेव्हा ताशी शक्यता दहा लाखांत एक झाली. उड्डाणाचा सुमारे दहावा भागच, म्हणजे टेकऑफ आणि लँडिंगच्या आसपासचा काळ, खरा नाजूक असतो. म्हणून ती एक कोटीत एक झाली. शेजारी दुसरा वैमानिक बसलेला असतो आणि शंभरातून नव्याण्णव वेळा तो विमान सावरतो असे धरले, तर अपघाताची शक्यता शंभर कोटी तासांत एक इतकी खाली येते. म्हणूनच अँजिओप्लास्टी झालेला एखादा कप्तान योग्य तपासण्यांनंतर दोन वैमानिकांच्या विमानात परत बसू शकतो, पण एकट्याने उडू शकत नाही. मी रोज ज्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या फाइली पाहतो, त्यांना या गणिताने एक वेगळाच अर्थ दिला.

उत्पन्नाविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर केवळ या तपासण्यांवर घर चालवणे अवघड आहे. मूळ प्रॅक्टिसच्या जोडीला हे काम करावे. विमान कंपन्यांचे वैद्यकीय विभाग, एअर अॅम्ब्युलन्स सेवा आणि डीजीसीए इथे पूर्ण वेळची कामे आहेत, परंतु त्या जागा मोजक्या आहेत आणि तिथे बहुधा वायुसेनेतून आलेले अनुभवी डॉक्टर असतात.

---

धावपट्टी२७

मी डॉक्टर नाही, वैमानिक आहे. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दोन शब्द.

काही वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझ्या मूत्रपिंडात लहानसा खडा दिसला. मला कसलाही त्रास नव्हता, तरीही मला 'टेम्पररी अनफिट' केले गेले. ज्या डॉक्टरांनी ते कळवले त्यांनी फाइलवर शिक्का मारून ती माझ्याकडे सरकवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावले. जवळजवळ चार महिने मी घरी होतो, उड्डाणभत्ता बंद होता, आणि बिनदुखण्याच्या खड्यासाठी ही शिक्षा कशाला, असा राग मनात होता. पुढे फेरतपासणीच्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरांनी समोर बसवून दहा मिनिटे समजावले, की हा खडा नलिकेत सरकला तर होणारी वेदना माणसाला क्षणात दुमडून टाकते, आणि ती वेळ लँडिंगची असू शकते. निर्णय तोच होता, पण माझा राग गेला.

हे मी अशासाठी लिहितो, की आम्ही वैमानिक डॉक्टरांना घाबरतो. डॉक्टरकडे गेले तर परवाना जाईल, या भीतीने लोक साधी डोकेदुखीसुद्धा सांगत नाहीत. मग निराशा आणि झोपेच्या तक्रारी तर दूरच. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम आल्प्सच्या डोंगरावर आदळवले आणि त्याच्यासह १५० जण गेले, तेव्हा त्याला कामासाठी असमर्थ ठरवणारी डॉक्टरांची पत्रे अस्तित्वात होती. ती कंपनीपर्यंत पोहोचली नव्हती. मंगळुरूला २२ मे २०१० च्या अपघातात १५८ जण गेले, आणि चौकशीत कप्तान उड्डाणाचा बराच वेळ झोपलेले असल्याचे व त्या अर्धवट जागेपणाचा निर्णयावर परिणाम झाल्याचे नोंदवले गेले. थकव्याबाबत डीजीसीएने २०२४ मध्ये नियम सुधारून साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. असे नियम लिहिताना झोपेचे शास्त्र जाणणारा आणि पहाटे तीनची ड्युटी कशी असते हे माहीत असलेला डॉक्टर खोलीत असावा, अशी आमची इच्छा असते. जुईताई, तुम्ही या क्षेत्रात अवश्य या.

---

दक्षिणवारा

परदेशातील पर्यायांविषयी थोडक्यात. मी न्यूझीलंडमध्ये आपत्कालीन विभागात काम करते आणि इथल्या ओटागो विद्यापीठाचा विमानवैद्यकाचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून, दूरशिक्षणाने केला आहे. वाचन भरपूर आणि चर्चा उत्तम असतात, वर्गात निरनिराळ्या देशांचे डॉक्टर असतात. मात्र असा अभ्यासक्रम आणि तज्ज्ञ म्हणून मिळणारी नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावे. ब्रिटनमध्ये २०१६ पासून विमान व अंतराळ वैद्यक ही स्वतंत्र विशेषज्ञ शाखा मानली जाते, पण तिच्या प्रशिक्षणात शिरण्यापूर्वी तिथले मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. अमेरिकेत हा विषय प्रतिबंधक वैद्यकाच्या बोर्डाखाली १९५३ पासून आहे. टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टन येथील रेसिडेन्सी (विशेषज्ञ प्रशिक्षण) नासाच्या ह्यूस्टन केंद्राजवळ असल्यामुळे विशेष नावाजलेली आहे. तिथे अनेक जण आधी दुसऱ्या एखाद्या विषयात तज्ज्ञ होऊन मग येतात. नुकत्याच एमबीबीएस झालेल्या व्यक्तीसाठी यांपैकी कोणतीही वाट थेट नाही.

---

जुई_पाटण

सर्वांचे मनापासून आभार. उंचमाथा सर, वजाबाकीच्या कागदाची गोष्ट मी वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि विचारले, "मग त्या मुलाने पुढे विमानात कधी मास्क काढला असेल का?" त्यांचा विरोध बराच निवळला आहे, गणवेशाची काळजी मात्र अजून आहे.

ज्यांच्यापासून हे सुरू झाले ते गृहस्थ परवा पुन्हा येऊन गेले. गॅस पूर्ण विरघळल्याचे नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिले आहे आणि ते पुढच्या आठवड्यात दुबईला जात आहेत.

आता एकच प्रश्न उरतो. नीट पीजीत ही जागा मिळाली नाही, तर पुढे या क्षेत्रात येण्याची शक्यता खुली ठेवायला कोणता विषय घ्यावा? मी फिजिओलॉजी आणि जनरल मेडिसिन यांत अडकले आहे.

---

उंचमाथा

वडिलांना सांगा, त्याने कधीच काढला नाही; उलट पुढे प्रशिक्षक झाल्यावर तो कागद तो नव्या तुकडीला दाखवत असे.

विषयाबाबत माझे मत जनरल मेडिसिनकडे झुकते. फिजिओलॉजीचा पाया उपयोगी पडतो यात शंका नाही, आणि संशोधनाची आवड असेल तर तोच मार्ग योग्य. पण वैमानिकाच्या फाइलवर निर्णय घेताना ईसीजीतला एक छोटा बदल, सीमेवरची साखर किंवा एकदाच आलेली चक्कर यांचे वजन किती, हे ठरवावे लागते. आणि ते वजन हातात यायला वॉर्डात पुष्कळ रात्री काढाव्या लागतात. मेडिसिन केल्यानंतरही कमिशन घेता येते, तपासणीस यांच्यासारखे परीक्षक होता येते, आणि एरोस्पेस मेडिसिनचे प्रशिक्षण नंतर जोडता येते. बाँडच्या उरलेल्या महिन्यांत तुमच्या केंद्रात विमानप्रवासाचा दाखला मागायला जे कोणी येतील, त्यांची एक वही ठेवा: वय, आजार, प्रवास किती तासांचा, तुम्ही काय सल्ला दिलात आणि का. अमेरिकेला मुलांकडे जाणारे आईवडील आता तालुक्या-तालुक्यांतून निघतात. वही लवकर भरेल.